नऊ इंच

शोरूममधला मुलगा भाच्याशीच बोलत राहिला.
मायलेज, सनरूफ, हप्ता, सर.
मी मागच्या सीटवर बसून
गुडघे आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये
वीत घालून बघत होते.
एक वीत, वर चार बोटं.
"मॅडमना आवडली वाटतं," तो सरांना म्हणाला.
मॅडमना किंमत आवडली नव्हती.
बावधनच्या त्या काचेतून रस्त्यावर उतरेपर्यंत
जिचे दोन लाख गळून पडणार
तिच्यासाठी मी पेढे वाटणार नव्हते.

पाच फूट दहा.
खडकीच्या क्वार्टर्समध्ये मला शिडी म्हणायचे.
स्थळं दारातच मान वर करून बघायची,
पोहे संपवून कळवतो म्हणायची.
ज्याने तिथेच हो म्हटलं
तो माझ्या कानाएवढा होता.
आधी त्याची लूना, मग ती डबीएवढी गाडी,
माझे गुडघे कायम हातमोज्यांच्या कप्प्याला टेकलेले,
आणि दिगंबर चालवता चालवता म्हणायचा,
केवढी जागा आहे गं हिच्यात!
मी हो म्हणायचे.
कुणी "जरा सरकता का" विचारायच्या आत
मी सरकलेली असायचे.

आता दिगंबर नाही. डबीही विकली.
बहीण म्हणते, एकटीला एवढी लांबलचक कशाला?
सोसायटीत सगळे म्हणतात,
आता शिडी लावून चढायच्या गाड्या घेतात, मावशी,
खड्डे कळत नाहीत.
उंची नकोय मला. उंची पुष्कळ झाली.
लांबी हवीय.

सॅलिसबरी पार्कातले नोटरी चोरडिया,
अकरा वर्षांची राखाडी सेडान, एकसष्ट हजार किलोमीटर,
सर्व्हिसिंगच्या पावत्या फायलीत लावलेल्या,
प्रत्येक पावतीवर त्यांचाच गोल शिक्का.
दस्तगीर गाडीखाली पेपर पसरून आडवा झाला,
ऑइल बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं,
म्हणाला, इंजिन गरीब आहे, त्रास देणार नाही.
बुश वर्षभरात जातील. बावीस हजार धरा.

दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्शनला
चौतीस वर्षं काढली मी.
पर्समधून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं,
रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं.
दारं धरतायत, डिकी धरतेय,
मागच्या डाव्या मडगार्डावरून मात्र
घसरून पडलं ते, टप्पकन.
चोरडिया चष्मा पुसायला लागले.
"मुलाने... खांबाला... जरासं..."
जरासं म्हणजे बोटभर लांबी भरलीय, मी म्हटलं,
चाळीस कमी करा.
चहा आला. तीस झाले. दुसरा चहा आला.
मी तो घेतला नाही.
चाळीस झाले.

त्याआधीच खरं तर ठरलं होतं.
गुलटेकडीच्या गतिरोधकांवरून
दस्तगीर मुद्दाम जोरात नेत होता,
मी मागे. गाडी नुसती
कुशीवर वळल्यासारखी हलायची.
आणि मार्केट यार्डाच्या सिग्नलला
माझ्या लक्षात आलं,
मी पायावर पाय टाकून बसलेय.
कधी टाकला, कळलंच नाही.
पाय लांब केला तर आवाज झाला: कट्.
दस्तगीरने झटकन ब्रेक दाबला, कान टवकारले.
"गाडी नाही," मी म्हटलं, "गुडघा."

आता ती पार्किंगमध्ये आहे.
पिवळा चौकोन डबीच्या मापाने आखलेला,
हिचं शेपूट बाहेर.
वायपरखाली सेक्रेटरींची चिठ्ठी:
वाहन रेषेच्या आत लावावे.
मी टेप घेऊन खाली गेले,
कंबर सांभाळत वाकले,
दोनदा मोजलं.
त्यांच्याच चिठ्ठीवर, त्यांच्या सहीखाली लिहिलं:
नऊ इंच, दोन सूत.
तपासले. बरोबर आहे.