काना

वकिलांना हवी आहे फक्त पूर्वेची हद्द.
माहीमच्या एका वाडीची, शके सतराशे एकोणनव्वदची.
तिच्यावर आता एकोणीस मजले उभे आहेत
आणि विसावा अडलाय.
पानामागे दोनशे रुपये, मोडीतून बाळबोधीत.
"बाकीचं गाळा," ते म्हणाले, "बाकी काय असणार, नारळ."

बाकी नारळच आहेत.
हरबाजी वर्तकांनी रोज रात्री दिव्याशी बसून मोजलेले:
उतरले एकशे बत्तीस, किडके नऊ.
एक पोरांनी विहिरीत टाकला, तो धरला नाही.
रहाटाचे लोटे फुटले तीन, कुंभाराची बाकी पाच पै.
कुटीची गाडी आली. वास चार दिवस.
तांबोळी चाळीस कवळ्या घेऊन गेला
आणि पाने लहान आहेत म्हणून परवा सांगून पाठवले.
मोरा लंगडतो. पवळ्या एकटा फिरत नाही.
आज काही नाही.
आज काही नाही.
आज काही नाही, पाणी दिले.

मोडीत लेखणी उचलत नाहीत.
आधी पानभर आडवी रेघ, मग अक्षरं तिच्यावर
दोरीवर वाळत घातल्यासारखी, शब्दांमध्ये फट नाही.
नारळ कुठे संपतो आणि बैल कुठे लागतो
ते वाचणाऱ्यानं आपल्या अदमासानं तोडायचं.

मार्गशीर्ष वद्य पंचमी कोरी आहे.
षष्ठीला अक्षर वेगळं, बारीक, उजवीकडे कललेलं:
"कोयता बोटांवर आला सबब सांगतात तसे लिहिते."

मी 'लिहितो' केलं.
काना राहिला असेल, बोरू सुकला असेल, कसरीनं खाल्ला असेल.
चौतीस वर्षं कलेक्टर कचेरीत
असे कितीतरी काने मी पदरचे भरलेत.
खाली पुन्हा: मोजते.
त्याच्या खाली: भिते.

सून असेल, लेक असेल, नाव कुठेच नाही.
दिव्यात तेल घालताना समोरून, उलटं बघत शिकली असावी;
तिचा 'ळ' अजून तसाच आहे, डोक्यावर उभा.

"उतरले एकशे अठरा.
मोरा रात्री खोकतो, हे त्यांनी सांगितले नाही.
लोटा एक माझ्या हातून फुटला, कुंभार कच्चा भाजतो असे सांगितले.
तांबोळ्यास कवळ्या मी मोजून दिल्या. लहान म्हणाला नाही.
पहाटे समुद्र ऐकू आला. हे कोणत्या खाती लिहावे?"

आणि पौषात, वकीलसाहेब, तुमची हद्द:
"पूर्वेस पाट. पाटापलीकडे जिवबा सावे यांची पानवेल.
पाट ते दरसाल कुदळीने सरकवतात, आम्हीही सरकवतो.
यंदा आम्ही एक वीत जास्त."

सातव्या आठवड्यात जुनं अक्षर परत येतं, वाकडं,
तीन बोटांचं असावं.
त्या वितेवर त्यानं काट मारली नाही.
वाचलीच नसेल, किंवा वाचून पान उलटलं असेल.
"आज काही नाही. पाणी दिले. लिहितो."
काना केवढा मोठा, रेघेखाली उतरलेला.

मी अठ्ठेचाळीस पानं उतरवली. पैसे सहाचे मिळतील,
ती वीत वाचल्यावर कदाचित तेवढेही नाहीत.
रात्री मागे जाऊन माझ्याच पेनानं भरलेला काना
ब्लेडनं खरवडला.
कागद तिथे पातळ झालाय.

आता मोऱ्याचं पुढे काय झालं ते शोधतोय.
चैत्रापर्यंत आलो. लोटे, कुटी, नारळ.
खोकल्याचं कोणी लिहीत नाही.