वयाचा पुरावा

कायद्याच्या पुस्तकात उदाहरणं असतात :
अ हा ब च्या खिशातून पाकीट काढतो.
पाकीट ब चं आहे हे अ ला ठाऊक आहे.
पहिलीत अ अननसाचा होता.
मधे काय झालं ते पुस्तकात नाही.

दिवसा फोर्टात नोटरीकडे टायपिंग,
संध्याकाळी लॉ कॉलेज, तिसरा मजला,
पंखा नुसता मान हलवणारा.
भोसेकर सर सांगत होते :
सात वर्षांखालच्या मुलानं केलेलं काहीही
अपराध नसतं.
मागून कुणीतरी विचारलं,
सर, आणि सात पूर्ण होतात त्या सकाळी?
वर्ग हसला. सर नाही हसले.
म्हणाले, शनिवारी डोंगरीला जाऊन या.

गेले.
तिथे उंच न्यायासन नाही, साधं टेबल.
पोलीस साध्या कपड्यांत,
बूट मात्र पोलिसाचेच.
आरोपी म्हणायचं नाही,
म्हणायचं विधिसंघर्षग्रस्त बालक.
मी बोटांवर मोजली, दहा अक्षरं.
समोर कुणाच्या तरी मोठ्या शर्टात
एक मुलगा, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.
त्याचं नाव छापायला कायद्याची मनाई.
वहीत लिहिलं : अ.

तांब्याची तार, साडेचार किलो,
शिवडीच्या एका गोदामातून.
पोलिसांच्या कागदावर वय एकोणीस.
आई म्हणाली, पूल बांधत होते साहेब,
मी खडी वाहत होते, हा पोटात.
कोणता पूल?
तिनं हात नुसता खिडकीकडे केला.
मुंबईत खिडकीबाहेर पूल असतोच.

शाळेचा दाखला नाही.
पालिकेचा जन्मदाखला नाही.
मग उरतं हाड.
मनगटाचा एक्स-रे, कोपराचा, खांद्याचा,
हाडांची टोकं कुठवर सांधलीत ते पाहून
डॉक्टरांनी लिहिलं : सतरा ते एकोणीस.
या दोन आकड्यांच्या मधून
आर्थर रोडची भिंत जाते.

बाकावर तो माझ्या शेजारी आला.
ताई, फोटोत काय दिसतं?
मी म्हटलं, हाडं.
आणि?
आणि काही नाही.
त्यानं बाही वर सारून मनगट
जरा वेळ उजेडात फिरवून पाहिलं.

मला घोरपडे गुरुजी आठवले, आमच्या जिल्हा परिषदेचे.
बापानं सांगितलं होतं,
जत्रेच्या मागंपुढं झाली पोरगी.
गुरुजींनी टाक बुडवला नि लिहिलं, एक जून.
वर्गात एकवीस जणांचा वाढदिवस एक जूनला,
एकालाही कधी पेढा मिळाला नाही.
त्याच तारखेवर माझं मत, माझं लग्न,
लॉ कॉलेजातला प्रवेश.
मागच्या परीक्षेत मीच लिहिलं होतं :
शाळेचा दाखला असल्यास हाडांकडे जाऊ नये.
पाचपैकी चार गुण.

पुढची तारीख पडली.
निघताना त्याच्या आईनं विचारलं,
बाई, तुमी वकील का?
म्हटलं, अजून नाही. शिकतेय.
ती म्हणाली, तोबी.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक,
जन्मतारखेतल्या दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र.
टाइप केलं : मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
माझी खरी जन्मतारीख
आणि बोटं तिथंच राहिली.
बाई, जरा हात चालवा, गिऱ्हाईक म्हणालं,
झेरॉक्सवाला जेवायला जाईल.