खरखर

सातपूरला कंपनीत शिरलं की
पहिलं काम मनगटाला पट्टा.
पट्ट्याला वायर, वायरीला क्लिप,
क्लिप टेबलाखालच्या तांब्याच्या पट्टीला
आणि पट्टी थेट जमिनीत.
ट्रेनिंगच्या दिवशी साहेब म्हणाले होते,
तुमच्या अंगात स्टॅटिक असतं, मॅडम.
तुम्हाला कळत नाही. चिपला कळतं.
नुसत्या बोटानं मरते ती.

जानेवारी होता. तिकडे निफाडला पारा पाचवर,
इकडे सगळ्यांचे ओठ फुटलेले.
स्वेटर काढताना केसांत तडतड,
लोखंडी कपाटाला हात लावायची भीती.
रेश्मा पिंजारीला डबा पुढे केला
तर दोघींच्या बोटांमध्ये चट्‌कन ठिणगी.
"एवढा राग?" म्हणाली, आणि माझी भाकरी घेतली.

शब्द मला माहीत होता,
पण दुसऱ्या घरातला.
दहीपुलाजवळ आमचं दुकान, खैरनार रेडिओ.
आप्पा काटा फिरवायचे
आणि दोन स्टेशनांच्या मधे
कुणीतरी वाळू चाळत बसलेलं असायचं.
गिऱ्हाईक म्हणायचं, खरखर.
आप्पा जरा ताठ बसून म्हणायचे, स्टॅटिक.

आता हे कसं जमायचं?
एक गप्प बसून अंगात साचतं,
एक घटकाभर गप्प बसत नाही.
भाचीला विचारलं, ती पोलीस भरतीची तयारी करते.
तिचं तिसरंच.
स्टॅटिक जीके, मावशी. जे बदलत नाही ते.
गोदावरीचा उगम ब्रह्मगिरी.
दरवर्षी तेच उत्तर, दोन मार्क.

शेवटी खालच्या मजल्यावर, गायधनी बाईंकडे.
पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं,
आता दुपारभर मेथी निवडतात.
जुडीचा दोरा सोडता सोडता म्हणाल्या,
मूळ ग्रीक. उभं करणारं, थोपवून धरणारं.
आपली 'स्था' त्याच घरातली, मावसबहीण म्हण.
स्थिर, स्थान, हे तर दिसतंच तुला.
पण ठेवणं तिचंच. उठणंही तिचंच.
आणि पाठवणं.

पाठवणं?
त्यात कुठे आलं उभं राहणं?

बाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.
"पाठवणारा कुठे जातो?"

आयटीआयचं फाटक आठवलं.
इलेक्ट्रॉनिक्सला चार मुली, त्यातली मी.
आप्पांनी स्कूटर बंद केली नव्हती.
वळून पाहिलं तेव्हाही ते तिथेच,
एक पाय जमिनीवर टेकवून,
इंजिन सुरूच.

दुकान गेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
आप्पांच्या कानात मात्र
दिवाळीपासून खरखर सुरू आहे.
डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं,
औषध दिलं नाही.
सवय करून घ्या म्हणाले.
आप्पा म्हणतात, स्टेशन लागत नाहीये, एवढंच.
सेट चांगला आहे.

रविवारी त्यांना गंगेवर नेते.
दुतोंड्या मारुतीसमोर बसतात.
पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं,
पुराच्या सगळ्या गोष्टी त्याच्या अंगावर मोजलेल्या.
तो हलला असता तर
किती पूर आला ते कुणाला कळलं असतं?
हे आप्पा बोलत नाहीत. मीच मनात बोलते.
ते पाण्याच्या आवाजाखाली
आपला आवाज ठेवून बघतात,
बुडतो का.

काल रात्री थंडी फार होती.
त्यांना लोकरीची कानटोपी घालायला गेले,
लोकर केसांवर घासली गेली,
आणि माझ्या बोटातून त्यांच्या कानाच्या पाळीला
निळी, बारीक, चट्‌.

"लागलं?"

आप्पांनी मान तिरकी केली,
काटा केसभर सरकवताना करायचे तशी.

"थांब," म्हणाले.