निर्मितीचे वर्ष

फॉर्मवर एक रकाना आहे, निर्मितीचे वर्ष.
बाकी सगळं भरलं:
लाकूड, पितळ, चामडं, वजन तिवईसकट नऊ किलो,
मालक श्रीमती इंदुमती त्रिलोकेकर, ठाकुरद्वार.
एवढा एक चौकोन कोरा.

बोरा बाजारात तय्यबभाई घडियाली
डोळ्याला भिंग चिकटवूनच बोलतात.
"नाव बघू नको," म्हणाले, "स्क्रू बघ.
नाव कोणीही खोदतो. स्क्रूला खोटं बोलायचा आळस असतो."
स्क्रू बघितले. चौदा जुने, दोन नवे,
एक नुसताच खिळा.

लाकूड साग. थंड मुलखासाठी असता तर महोगनी असती;
हा आपल्या उकाड्यासाठी केलेला,
कोपऱ्याकोपऱ्यात पितळी पट्ट्या ठोकून.
म्हणजे मलबारचं एखादं झाड बोटीनं तिकडे गेलं
आणि डोळा लावून परत आलं.
केव्हा, ते लाकूड सांगत नाही.

हस्तिदंती चकतीवरचं आडनाव झिजलंय.
उरलाय घराचा नंबर, एकशे सत्त्याऐंशी,
आणि लंडनमधला शेवटचा न.
कुठलं दुकान कुठून कुठे हललं, कोणत्या साली,
याची तय्यबभाईंकडे वही आहे.
एकशे सत्त्याऐंशी तिच्यात नाही.
"असेल," म्हणाले, "भाडं थकलं असेल. लवकर सोडलं असेल."

भिंगावर मात्र आकडा, पाच अंकी, स्वच्छ.
मी खूश झालो.
त्यांनी फळी उलटी करून दाखवली:
आताच्या भोकाभोवती आधीच्या, मोठ्या भोकाची
बुजवलेली फिकट कड.
"डोळा नंतरचा आहे. मोतीबिंदू झाला असेल आधीचा."
स्वतःच हसले,
मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

मग भाता ताणला.
आतल्या घडीत खळीनं डकवलेली वर्तमानपत्राची पट्टी.
वरून काळी शाई फासलेली, तरी टॉर्च तिरपा धरल्यावर
अक्षरं वर आली:
मंगळवार, वद्य ५, शके १८४
आणि पुढचा आकडा कसरीनं खाल्लेला.
महिनाही तिनंच नेलेला.
रात्री जुनी पंचांगं घेऊन बसलो.
दहा वर्षांत अशा मंगळवारच्या पंचम्या
अठराएक तरी भरतात.
त्यातल्या एकीनंतर केव्हातरी
या भात्यात उजेड शिरत होता
आणि कोणीतरी घाईघाईनं रद्दी शोधत होतं.
एवढंच सिद्ध झालं.
चामडं किती वर्षांनी फाटतं?

"मामंजींनी घेतला तेव्हाच जुना होता," इंदुमतीबाई म्हणाल्या.
जुना म्हणजे?
"जुना म्हणजे जुना. तसं सांगूनच त्यांनी भाव पाडला होता."

मी घासलेली काच दाखवली. तिच्यावर पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा,
वरची ठळक, खालची पुसट.
म्हटलं, वरची मोठ्या माणसांची असणार,
खालची पोरांची.
"तुम्ही उलटं वाचताय," त्या म्हणाल्या.
"काचेवर माणूस डोकं खाली करून येतो.
खालची मोठ्यांची. आफ्रिकेला निघालेले यायचे पासपोर्टसाठी,
डोळे बरोबर त्या रेघेवर लागायचे.
वरची मुलांची.
स्टुलावर पाट ठेवून बसवलं तरी पुरायची नाहीत."
ठळक का, ते मी विचारलं नाही.
"मामंजी चारपर्यंत मोजायचे. तोवर हलायचं नाही.
मीच धरून ठेवायची मुलांना, खुर्चीमागून,
फोटोत माझा हात येऊ न देता."

फॉर्म खिशात घडी करून ठेवला.
निघताना काळ्या कापडात डोकं घातलं, उगाच.
आत कापूर आणि शिळ्या घामाचा वास,
आणि काचेवर उलटी खोली:
पंखा तळाशी, फरशी आभाळात,
तिला टांगलेल्या इंदुमतीबाई,
डोळे कुठल्याच रेघेवर नाहीत.

मी काही बोललो नव्हतो.
तरी पदर नीट करून
त्या ताठ बसल्या होत्या, श्वास धरून.

बऱ्याच वेळानं
ओठ न हलवता म्हणाल्या,
"हलू?"