तारखेच्या नावाचा क्लब

क्लबचं नाव 'सव्वीस ऑगस्ट'.
त्या तारखेला काय घडलं होतं, गावात कुणालाच सांगता येत नाही.
कुणी म्हणतं लढाई, कुणी म्हणतं फादरचा वाढदिवस.
माझे वडील क्रिस्पीन शनिवारी संध्याकाळी
भोक पाडलेल्या डब्यातून चुन्याच्या रेघा मारायचे,
मी पुढे दोरी धरून.
एका कोपऱ्यात रेघ वाकडी जायची; तिथे वारूळ होतं.
वारूळ कुणी काढलं नाही.
पाहुण्या संघाला ते माहीत नसायचं.

जर्सी पांढरी. म्हणजे नावाला.
पाराग्वाईची माती तांबडी, एकदा धरलं की सोडत नाही.
मालागाला आले तेव्हा वडिलांची एक जर्सी बॅगेत होती.
इथल्या मशीनमध्ये नव्वद अंशांवर धुतली,
कोपरापाशी गाव तसंच.

देर्लिस तेव्हा चार वर्षांचा.
दोन वर्षांत येते म्हणाले होते.
दहा झाली.

चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीला मी सांभाळते, दोन्या रेमेदियोस.
रविवारी रात्री नऊ वाजता तिचं सूप,
तिच्या गोळ्या, तिच्या पायांना मलम,
आणि आम्हा दोघींच्या मधे, उशीवर,
फोनमधून खरखरणारा गावचा रेडिओ.
समालोचक आमचा खाटीक, एवेलिओ.
चेंडू पलीकडे गेला की त्याला दिसत नाही,
मग तो कोण कोण आलंय त्यांची नावं वाचतो.
'आणि क्रिस्पीन, आंब्याखाली, नेहमीच्या खुर्चीत.'
एवढं ऐकलं की माझा आठवडा सुटतो.
एकदा नाव आलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही.
सोमवारी कळलं, गाय व्यायली होती.

सामना संपला की देर्लिसला फोन.
जेवलास? हो.
शाळा? आहे.
आजी? झोपली.
पण विचारावं, ती पेनल्टी होती का रे,
की पोराच्या तोंडाला पाझर फुटतो:
रेफरी आंधळा, तीन नंबर लंगडत होता,
वारुळावरून चेंडू उडाला, आम्ही जवळजवळ घातलाच होता गोल.
आम्ही.
नेहमी आम्ही.

गुआरानीत 'आपण' वेगळं, 'आम्ही' वेगळं.
एकात ऐकणारा आत असतो,
एकात उंबऱ्याबाहेर, हातात पिशवी घेऊन.
दोन्या रेमेदियोसला हे समजावून पाहिलं.
तिच्या स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द.
'मग तुम्हाला रागावणं सोपं जात असेल,' ती म्हणाली.

यंदा नोव्हेंबरात शेवटचा सामना.
हरलो तर खालच्या गटात.
चार-शून्य.
चौथ्या गोलनंतर एवेलिओने समालोचन सोडून
सोमवारी मांस काय भावाने मिळेल ते सांगितलं.
मी फोन लावला. बराच वेळ वाजला.
मग त्याचा आवाज. फुटलेला, घोगरा,
माझ्या ओळखीचा नसलेला, कुणा बाप्याचा:
'आपण गेलो, आई. आपण खाली गेलो.'

मी हसले. रडलेही असेन.
म्हातारी उठून बसली. 'जिंकलात?'
'नाही, चार गोल खाल्ले.'
'मग अशी काय करतेस?'
तिला काय सांगू? तिच्या भाषेत ते मावत नाही.

पलीकडे तो अजून फोनवरच होता.
एरवी कधीच ठेवून दिला असता.
पुढच्या वर्षी त्याला राखीव संघात घेणार आहेत म्हणाला.
आजोबांना गुडघ्यामुळे आता रेघा जमत नाहीत,
तोच मारतो, आणि वारुळापाशी
वाकडीच ठेवतो.
मग जरा थांबून, 'बूट लागतील. बेचाळीस नंबर.'

बेचाळीस.
तीन वर्षं मी अडतीसचे पाठवत होते.
त्याने एकदाही सांगितलं नव्हतं.