पोलं

पावणे गावामागच्या गल्लीत, केमिकलच्या वासाला टेकून
आमचा गाळा. इथे झाडं बनतात.
खतपाणी नाही. गोंद, दाब आणि एक रात्र.

कागद वापीहून येतो, रिळं होऊन,
दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचा.
आधी तो काय होता कुणी विचारत नाही.
वह्या असतील, लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद,
कुणाचा तरी नापास निकाल.
सगळं भिजलं, लगदा झालं, सारखं झालं.

कुंदा रोलर चालवते.
एका कागदावर गोंदाच्या रेघा,
दुसऱ्यावर त्याच रेघा, पण अर्धं बोट सरकवून.
ते अर्धं बोट चुकलं की झाड उघडतच नाही,
नुसती वीट.
"सगला नाय चिकटवाचा," ती नव्या पोरींना सांगते,
"थोरा चिकटवाचा, थोरा सोराचा."
पोरी हसतात.
कुंदाचा नवरा उरणला असतो, महिन्यातून दोनदा येतो.

साठ कागद. वर लोखंडी फळी,
फळीवर कुठल्याशा बंद कंपनीच्या गिअरबॉक्सचं धूड.
सकाळी डोईफोडे डाय लावतो.
तो झाड कापत नाही, अर्धं झाड कापतो:
एक बाजू सरळ, कण्यासारखी,
एक बाजू फांद्यांची.
उरलेलं अर्धं आतच असतं, घडीत.

मग ते माझ्या टेबलावर.
एकदा उघडायचं, गोल फिरवून टोकाला टोक लावायचं,
फाटलेलं घर दिसतंय का बघायचं,
परत मिटवून पाकिटात.
दिवसाला चारशे.
एवढी झाडं वनखात्याच्या माणसानेही बघितली नसतील.

कागदोपत्री त्यांना नावं नाहीत. टी-सात, टी-चौदा.
टी-चौदा निमुळतं, त्याला आम्ही सुरू म्हणतो.
टी-सात घेरदार, तो आंबा.
टी-नऊला नाव मिळालेलं नाही,
तसं झाड आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही.
न्हावा-शेव्याहून बोटीने जातात.
तिकडे डिसेंबरात टेबलावर उभी राहतात म्हणे,
जानेवारीत मिटतात.

उघडताना आवाज होतो,
सुपात भात एका कडेला सरकावा तसा.
(आमच्याकडे भात होता तोवरचं ते सूप.)
आणि आतली घरं, सहा कोनांची,
सगळी एकदम जागी.
दर वेळी तोंडात येतं: पोलं.
पोळं म्हणायला मला शाळेत शिकवलं होतं.

आमच्यात ळ नाही.
डोला, कपाल, जवल, मासोली.
चौथीत रिसबूड बाईंनी पाटीवर शंभर वेळा ळ काढायला लावला.
काढला. वळणदार काढला.
बाई म्हणाल्या, आता म्हण.
वर्ग वाट बघत बसला.

काल एका सुरूत,
खालून तिसऱ्या फांदीच्या आत, घराच्या भिंतीला
एक ळ.
काळा, छापील, तिळाएवढा.
गिरणीत भिजून, कुटून, गाळूनही शाबूत.
बाकीचा शब्द गेला.
हळद असेल, बाळ असेल,
किंवा नुसतंच 'वगळले'.

नियम आहे: मोहरीहून मोठा डाग, झाड बाद.
हा मोठा होता.
मी काही मोहरी आणून लावून बघितली नाही.
डोईफोडे डाय पुसत होता.
रोलरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं,
म्हणून हळूच म्हणून बघितला.

ल आला.

मिटवलं. पाकिटात घातलं. ओकेचा शिक्का मारला,
जरा जोरातच.

तिकडे कुणाला दिसलाच, तर वाटेल
आत माशी बसलीय.
बसू दे.
पोलं आहे.