सत्तावीस नंबर

अंबाजोगाई, मेडिकलचा तिसरा मजला.
खिडकीला काळा कागद, वरून चिकटपट्टी.
शेख मॅडम म्हणतात, दार लाव,
उजेड खातो त्याला.
थेंबभर औषध, बर्फात बसून आलेलं,
अजून फॉइलमध्येच.

आधी सशाचं प्रतिपिंड.
ते कोलॅजनलाच तेवढं ओळखतं,
बाकी कुणाशी बोलत नाही.
मग शेळीचं. ते सशाला ओळखतं,
आणि हिरवा दिवा त्याच्या हातात.
आमच्याकडं सोयरीक जुळवताना असंच,
पाहुण्याच्या पाहुण्याला धरून घर सापडतं.

काचेवर नाव नाही. सत्तावीस.
पण तो फॉर्म मीच भरला होता,
ऑपरेशनच्या आदल्या दिवशी:
सोजरबाई, धारूर, वय एकेचाळीस,
बाळंतपणं पाच, डाळमिलला पोती उचलायचं काम.
"अंग बाहेर येतंय माय,
आतलं काही धरीनाच झालंय."
अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली
आणि उगाच हसली.

दिवा लावला.
काळ्यात हिरवे धागे,
कुठं दाट, मग एकदम काहीच नाही,
मग एक, उसवलेला,
दुसऱ्याकडं जाता जाता थांबलेला.
शेजारची काच, सशाशिवायची, नुसती काळी.
म्हणजे दिसतंय ते खरं आहे.

बघत राहिलं की रंग विझतो.
फोटोला मिनिटभर पुरे, म्हणतात मॅडम.
फोटो तर काढला,
डोळा काही काढवेना.
एकेक करत गेले.
शेवटचा धागा
बराच वेळ धरून होता.